दुसऱ्या गाडीचे चाक, आपली जीप

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईत कुर्ल्याच्या भंगार गल्ल्यांत रिमच्या ढिगाशेजारी उभे राहिले, की दुकानदार आधी गाडी विचारतो आणि लगेच निकालही देऊन टाकतो. "जिप्सी का? बसतंय की! जीपचं जिप्सीला बसतं, जिप्सीचं जीपला बसतं. डोळे झाकून न्या." तो खोटे बोलत नसतो. चाक हबवर चढते, पाचही नट लागतात, गाडी जॅकवरून उतरते आणि घरीही जाते. पण 'बसतंय' या एका शब्दात निदान पाच प्रश्न दडलेले असतात आणि ढिगाशेजारी उभ्या उभ्या त्यातल्या एकाचेच उत्तर मिळालेले असते. उरलेल्या चारांची उत्तरे पुढच्या महिना-दोन महिन्यांत गाडीच देते. कधी बेअरिंगच्या घुरघुरीतून, कधी स्टिअरिंगच्या थरथरीतून, कधी घाटातल्या एखाद्या वळणावर.

जुन्या फोर-बाय-फोर गाडीला दुसऱ्या मेकचे चाक लावावे का, लावायचेच तर कोणत्या क्रमाने तपासावे आणि कुठे थांबावे, याचा हा आढावा. उदाहरणे मुख्यतः आपल्याकडच्या दोन घराण्यांची आहेत: महिंद्राच्या जुन्या जीप आणि मारुतीची जिप्सी. आपल्या डोंगरांत, शेतांत आणि जंगलांत अजूनही चालणाऱ्या जुन्या गाड्यांत याच दोन घराण्यांचा भरणा मोठा आहे.

गरज कुठून येते

चाके बदलणारा प्रत्येक जण हौशी असतो, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा. जिप्सी १९८५ च्या अखेरीस बाजारात आली आणि तीन दशकांहून अधिक काळ विकली गेल्यावर २०१९ च्या सुमारास शोरूममधून गेली. ताडोबा, पेंच, नागझिऱ्यात पर्यटकांना घेऊन फिरणाऱ्या जिप्सी मात्र आजही कामावर आहेत. अशा गाडीची रिम खड्ड्यात वाकली, की मालकाला ढिगाचाच रस्ता धरावा लागतो. कोकणात तर खारी हवा रिमच्या कडा खाते. कड गंजून खरबरीत झाली, की ट्यूबलेस टायर तिथे हवा धरत नाही. रोज सकाळी पंपाशी उभे राहण्याला कंटाळलेला माणूस मग दुसऱ्या रिम शोधतो. ही हौस नव्हे.

जुन्या जीपचे दुखणे वेगळे. तिचे मूळ माप ६.००-१६, म्हणजे सोळा इंची, अरुंद, ट्यूबवाले टायर. चिखलात हे अरुंद टायर खाली कडक जमीन शोधत जाते आणि त्याचे गुण गाणारे आजही पुष्कळ आहेत. पण रोजच्या डांबरी रस्त्यावर, पावसात, ब्रेक मारताना रुंद रेडियल टायरचा फरक कळतो, आणि जीपला शोभतील अशा रेडियल टायरची खरी निवड पंधरा इंचात मिळते. म्हणून जीपवाला पंधरा इंची रिमकडे वळतो. कोणी पुढच्या ड्रम ब्रेकऐवजी डिस्क ब्रेक बसवून घेतो, मग कॅलिपरला जागा मिळेल अशी रिम हवी होते. आणि हौस तर आहेच. गाडी 'भरलेली' दिसावी, चाके मडगार्डच्या थोडी बाहेर डोकावावीत, या इच्छेला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र या लेखातला बराचसा खर्च आणि बरेचसे धोके त्याच इच्छेच्या खात्यात जमा होतात.

१३९.७ : एका विचित्र आकड्याची गोष्ट

पहिला प्रश्न स्टडच्या वर्तुळाचा. हबवरचे स्टड ज्या काल्पनिक वर्तुळावर उभे असतात, त्याच्या व्यासाला गॅरेजमध्ये सगळे पीसीडी म्हणतात. जीपचा पीसीडी पाच स्टड, १३९.७ मिलिमीटर. जिप्सीचाही तोच. एक गाडी अमेरिकी वंशाची, दुसरी जपानी. दोघींचा आकडा दशांश चिन्हानंतरही जुळतो, कारण तो मुळात मिलिमीटरमध्ये जन्मलेलाच नाही. साडेपाच इंच गुणिले २५.४ केले, की १३९.७ येतात.

हे साडेपाच इंची वर्तुळ जीपपेक्षाही जुने आहे. १९२७ च्या अखेरीस आलेल्या फोर्डच्या मॉडेल ए मोटारीला ते होते. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन्ही कंपन्यांनी एकाच आराखड्याच्या जीप बनवल्या, त्यांनाही हेच वर्तुळ. युद्ध संपल्यावर, १९४७ पासून, महिंद्राने विलीजच्या जीप मुंबईत जुळवायला सुरुवात केली आणि हे माप आपल्याकडे आले. सुझुकीने आपल्या छोट्या जीपवजा गाड्यांसाठी (जिप्सी त्यांच्यातलीच) तेच वर्तुळ धरले, रशियातल्या लाडा निवानेही धरले. म्हणून तीन देशांच्या तीन गाड्यांची चाके कागदावर तरी एकमेकींना चालतात.

गंमत अशी, की खुद्द जीप या नावाने हे वर्तुळ सोडले. १९८७ च्या रँग्लरपासून ते ११४.३ झाले आणि २००७ च्या पिढीपासून १२७. पुण्याजवळ रांजणगावात आज ज्या रँग्लरची जुळणी होते, तिचे चाक आजोबांच्या जीपला बसत नाही. जिप्सीचे मात्र हबवर चढते. मेकचे नाव पाहून चाक निवडू नये, याला यापेक्षा चांगला दाखला मिळणे कठीण.

दुसरी फसगत आकड्यामुळेच होते. फॉर्च्युनर, पजेरो, इसुझूचा पिकअप यांचाही पीसीडी १३९.७ च आहे, पण स्टड सहा. 'एकशे एकोणचाळीस सात' एवढे ऐकून रिम घेऊन आलेल्या माणसाला घरी आल्यावर सहावे भोक दिसते. जुन्या लँड रोव्हरला स्टड पाचच, पण वर्तुळ साडेसहा इंची, म्हणजे १६५.१. तेही इथे चालत नाही.

पाच स्टडच्या रिमवर पीसीडी थेट मोजता येत नाही, कारण एका भोकाच्या बरोबर समोर दुसरे भोक नसते. उपाय सोपा आहे. शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांतले अंतर मोजा आणि १.७ ने गुणा. साडेपाच इंची वर्तुळात हे अंतर सुमारे ८२ मिलिमीटर भरते, आजच्या रँग्लरच्या रिमवर साडेचौऱ्याहत्तरच्या आसपास, लँड रोव्हरच्या रिमवर ९७. खिशात एक वर्निअर असला, तर ढिगातला अर्धा माल पाच मिनिटांत बाद करता येतो.

मधले भोक

पीसीडी जुळला म्हणजे काम झाले, असे मानणाऱ्यांना दुसरा धक्का मधल्या भोकाचा बसतो. जिप्सीच्या रिमचे मधले भोक १०८ मिलिमीटरचे आहे आणि सुझुकीच्याच नव्या जिम्नीचेही तेवढेच. फोर-बाय-फोरच्या पुढच्या हबवर फ्री-व्हीलिंग लॉक बसते, ते चाकातून बाहेर येते, म्हणून एवढे मोठे भोक लागते. निवाचे भोक साधारण ९८ चे. पाचही स्टड जुळत असूनही निवाची रिम जिप्सीच्या हबवर पूर्ण आत जात नाही. अशा वेळी लेथवाल्याकडून भोक मोठे करून घेतात. स्टीलच्या रिममध्ये, मध्य अचूक धरून आणि पुरेसा पत्रा राखून हे करता येते. तिरके कापले गेले, तर मात्र चाक कायमचे डगडगते, आणि बॅलन्सिंगची कितीही वजने ठोकली तरी ती डगडग जात नाही.

उलट बाजूने, भोक हबपेक्षा मोठे असले की चाक केवळ नटांच्या उतरत्या बसणीवर मध्यावर येते. ज्या गाडीची मूळ रचनाच तशी आहे, तिथे ते चालते. जिथे हबच्या कड्याने चाक मध्यावर धरायचे असते, तिथे मधली फट भरायला रिंग लागते. यातले आपल्या गाडीचे कोणते, हे मूळ चाक काढून हबवर ताजी घासलेली चकाकी दिसते का ते पाहिले की समजते.

ॲलॉय चाकांवर मधोमध चकचकीत टोपी असते. लॉकवाल्या हबवर ती बसत नाही, काढूनच ठेवावी लागते. दिसण्यासाठी चाके घेतलेल्या माणसाला हे आधी सांगितलेले बरे.

अर्धा इंच आणि बारा मिलिमीटर

तिसरा प्रश्न नटांचा. आकाराने सर्वात लहान आणि परिणामाने सर्वात गंभीर. हा धडा मी पुस्तकातून शिकलो नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्या जिप्सीसाठी मी ढिगातून पाच रिम घेतल्या. दुकानदाराने प्रेमाने प्लास्टिकच्या पिशवीत नटही दिले. माझे जुने नट गंजलेले होते, म्हणून मी नवे लावले. ते बोटांनीच सरसर फिरत गेले, तेव्हा मला बरेच वाटले. ताम्हिणी घाट उतरताना पुढच्या डाव्या चाकातून टिक-टिक येऊ लागली. आधी वाटले, टायरच्या खाचेत खडा अडकला असेल. थांबून हात लावला तर दोन नट बोटांनी फिरत होते आणि तिसऱ्याचे आटे साफ गेले होते. उरलेल्या दोघांवर चाक उभे होते. कोणाला काही झाले नाही, पण त्या दिवसापासून नट सरसर फिरला की मी थांबतो.

घडले होते ते असे. सुझुकीच्या स्टडचा व्यास १२ मिलिमीटर आणि आट्यांतले अंतर १.२५. अमेरिकी घराण्यातल्या अर्ध्या इंची स्टडचा व्यास १२.७ आणि इंचाला वीस आटे, म्हणजे दोन आट्यांत १.२७ मिलिमीटर. आट्यांचे अंतर इतके जवळ, की अर्ध्या इंचाचा नट बारा मिलिमीटरच्या स्टडवर अडखळत नाही, उलट जास्तच मोकळा फिरतो. आटे एकमेकांत जेवढे खोल गुंतायला हवेत, त्याच्या साधारण निम्मेच गुंततात. पान्याने आवळला की घट्ट लागल्यासारखा वाटतो आणि चार घाट चढ-उतार केले की आटे सोलून निघतात. दोन्ही घराण्यांचा पीसीडी एक असल्याने नटांची ही सरमिसळ आपल्याकडे सहज होते. उलटी चूक, म्हणजे बाराचा नट अर्ध्या इंचाच्या स्टडवर, होऊच शकत नाही. तो चढतच नाही. धोका एकाच दिशेचा आहे, पण तोच दिशाभूल करणारा.

नटाची बसण्याची बाजूही पाहावी लागते. काही नट उतरत्या टोकाचे, काही गोलाईचे, काही सपाट आणि वायसरवाले. उतरता नट गोल खळग्यात बसवला तर तो एका बारीक कडेवर टेकतो; आवळताना घट्ट, चालताना सैल. ॲलॉय चाकाची जाडी जास्त असल्याने स्टडचे बाहेर येणारे टोकही कमी पडते. साधा नियम असा, की नट निदान स्टडच्या जाडीइतका तरी आट्यांवर चढला पाहिजे. बारा मिलिमीटरच्या सुझुकी स्टडवर हे जवळजवळ दहा फेरे होतात. सहाव्या फेऱ्यालाच नट टेकला तर लांब स्टड घालावे लागतील किंवा ते चाक सोडावे लागेल.

ज्यांच्याकडे अस्सल जुनी विलीज आहे त्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. तिच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असत. नवा फिटर लांब पान्यावर उभा राहून 'सोडवतो' आणि स्टड मोडतो. स्टडच्या तोंडावर किंवा नटावर इंग्रजी एल कोरलेला दिसला, तर पाना उलट फिरवायचा.

ऑफसेट : खरा वाद इथे आहे

चौथा प्रश्न ऑफसेटचा. रिमच्या रुंदीचा मध्य आणि हबला टेकणारी तिची पाठ, यांतले अंतर म्हणजे ऑफसेट. पाठ मध्याच्या बाहेरच्या बाजूला असेल तर ऑफसेट अधिक, आतल्या बाजूला असेल तर उणे. अधिक ऑफसेटचे चाक गाडीच्या पोटात जाते, उणे ऑफसेटचे बाहेर येते.

आकडे मांडले की चित्र स्पष्ट होते. समजा मूळ रिम साडेपाच इंच रुंद आणि तिचा ऑफसेट अधिक २२ आहे. नवी रिम सात इंच रुंद, ऑफसेट उणे १२. चाकाचा मध्य ३४ मिलिमीटर बाहेर सरकला. रुंदीतली वाढ दोन्ही बाजूंना १९-१९ मिलिमीटर वाटली गेली. म्हणजे बाहेरची कड एकूण ५३ मिलिमीटर बाहेर आली आणि आतली कड पाट्यांपासून १५ मिलिमीटर लांब गेली. दोन्ही बाजू मिळून गाडी दहा सेंटिमीटरहून अधिक रुंद झाली. उलट, निवासारख्या गाडीच्या चाकाचा ऑफसेट अधिक ५८ असतो. तसे चाक जिप्सीला लावले, तर आतली कड पाट्यांकडे आणि स्टिअरिंगच्या दांड्यांकडे सरकते, आणि पूर्ण वळणावर घासते. पीसीडी एक असलेली दोन चाके किती वेगळी वागू शकतात, ते इथे कळते.

बाहेर आलेल्या चाकाचे समर्थक बिनबुडाचे नाहीत. जिप्सी उंच आणि अरुंद गाडी आहे. आडव्या उतारावर चाके रुंद असली की ती कमी कलंडते, आणि हा फायदा सह्याद्रीच्या धारेवर गाडी घालणाऱ्याला पोटात जाणवतो. मोठा टायर पाट्यांना न घासता पूर्ण वळतो, हाही फायदा खराच.

पण या फायद्याची किंमत गाडीचे दुसरे भाग मोजतात. हबमधल्या दोन बेअरिंगवर भार कसा वाटला जाईल, हे कंपनीने मूळ ऑफसेट धरून ठरवलेले असते. चाक तीन-चार सेंटिमीटर बाहेर गेले, की तोच भार लांब दांड्याच्या टोकाला टांगल्यासारखा होतो आणि बेअरिंग लवकर घुरघुरू लागते. पुढच्या चाकांना आणखी एक त्रास होतो. चाक ज्या किंगपिनच्या रेषेभोवती वळते, ती रेषा जमिनीला जिथे टेकते त्यापासून टायरचा मध्य जितका लांब, तितका प्रत्येक दगडाचा झटका स्टिअरिंगमध्ये मोठा होऊन येतो. जिप्सीला शेवटपर्यंत पॉवर स्टिअरिंग मिळाले नाही, जुन्या जीपचेही तसेच. खडकाळ वाटेवर अंगठे स्टिअरिंगच्या आत घालू नका, असे जाणते सांगतात ते यासाठीच. जिप्सीची ठरावीक वेगाला होणारी थरथर सगळ्यांना माहीत आहे. किंगपिनची बेअरिंग सैल झाली की ती येते. बाहेर आलेली जड चाके ती थरथर निर्माण करत नाहीत, पण लपून बसलेली ढिलाई लगेच उघड करतात. मग मालक चाकांना दोष देतो आणि चाके विकणारा गाडीला.

माझ्या मते मध्य इकडे-तिकडे पंधरा मिलिमीटरपर्यंत सरकला तर जुनी गाडी ते निभावते. तीसच्या पुढे गेलात, तर बेअरिंग आणि किंगपिनच्या डागडुजीचा खर्च चाकांच्या किमतीतच धरून चालावे.

टायरची उंची आणि इंजिनची ताकद

पाचवा प्रश्न रिमचा नसून तिच्यावरच्या टायरचा आहे, पण दोघांचा निर्णय एकत्रच होतो. जिप्सी किंगचे मूळ माप २०५/७० आर १५, व्यास साधारण ६६८ मिलिमीटर. जिम्नीचे १९५/८० आर १५ घेतले तर ६९३, बोलेरोचे २१५/७५ आर १५ घेतले तर ७०३, आणि हौशी मंडळींचे लाडके २३५/७५ आर १५ घेतले तर ७३३. शेवटच्या मापाने पोटाखालची जागा ३३ मिलिमीटर वाढते आणि चाकाचा घेर जवळजवळ दहा टक्के वाढतो. म्हणजे काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी ८८ ने चाललेली असते.

घेर वाढला की गिअर 'उंच' होतात. एका टनाच्या आतल्या या गाडीला पहिल्या पिढीत लिटरपेक्षाही लहान, ९७० सीसीचे इंजिन होते. त्या इंजिनावर दहा टक्के उंच टायर चढवले, की घाटात तिसऱ्याऐवजी दुसरा गिअर आणि क्लचचा वास हे ठरलेले. २००० नंतरच्या ८० अश्वशक्तीच्या जिप्सीला ते कमी जड जाते. डिझेल जीपला खालच्या वेगातला जोर मुबलक, म्हणून ती तक्रार करत नाही, पण तिचे ब्रेक करतात. मोठे, जड चाक थांबवायला ब्रेकला तितकाच जास्त जोर लागतो, आणि जुन्या ड्रम ब्रेककडे तो शिलकीत नसतो.

जुन्या जीपवाल्याचे गणित उलटे आहे. ६.००-१६ टायरचा व्यास ७० सेंटिमीटरच्या थोडा वरच असतो. पंधरा इंची रिमवर २१५/७५ घातले, तरी उंची जवळपास तीच राहते, रुंदी वाढते आणि काटा फारसा खोटे बोलत नाही. जीपसाठी पंधरा इंची बदल इतका लोकप्रिय का, हे इथे समजते.

स्टील, ॲलॉय आणि हवा

वजन आणि रूप यांवरून स्टील-ॲलॉयचा वाद कधीच मिटणारा नाही. डोंगरात फिरणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर स्टीलची रिम वाकते आणि गावातला पंक्चरवाला हातोड्याने ठोकून तिला घरापर्यंत नेण्याजोगी करतो. ॲलॉय चाक वाकण्याऐवजी तडकते आणि तडकलेल्याचा उपाय रस्त्याकडेला नसतो. रोज शहरात आणि महिन्यातून एकदा गडाच्या पायथ्याशी जाणाऱ्याला ॲलॉयने काही बिघडत नाही. फक्त भार-चाचणीची खूण पाहून घ्यावी. जपानी चाकांवर जेडब्ल्यूएल अशी अक्षरे ओतलेली असतात. कसलीच खूण नसलेले, नुसतेच चकचकीत चाक ढिगातच राहू द्यावे.

ट्यूबवाल्या जुन्या रिमच्या आतल्या कडेला टायर धरून ठेवणारा उंचवटा नसतो. अशा रिमवर ट्यूबलेस टायर चढते, हवाही धरते, आणि चिखलासाठी हवा कमी करून गाडी एका जोराच्या वळणावर घेतली की टायर कडेवरून निसटते. ट्यूबलेस हवे असेल तर रिमही ट्यूबलेसचीच हवी.

ॲडॉप्टर आणि लेथ

पीसीडी जुळत नसेल तेव्हा दोन वाटा दाखवल्या जातात. एक ॲडॉप्टर: हबवर बसणारी जाड चकती, तिच्यावर नव्या वर्तुळाचे स्टड. चांगल्या घडीव ॲल्युमिनियमची, हबवर नेमकी बसणारी, योग्य जाडीची चकती जगभर वापरली जाते. पण ती स्वतःच्या जाडीइतके चाक बाहेर ढकलते, म्हणजे ऑफसेटचा सगळा हिशेब पुन्हा लागू होतो. शिवाय तपासायचे नट दहा होतात आणि आतले पाच चाक काढल्याशिवाय दिसत नाहीत. ओतीव लोखंडाच्या किंवा भंगारातल्या चकतीवर जीव टांगू नये.

दुसरी वाट लेथवाल्याची: जुनी भोके वेल्डने बुजवून नवी पाडणे किंवा असलेली लांबट करणे. आपल्याकडचे लेथवाले हुशार आहेत, मोडलेला भाग पाहून ते नवा घडवतात. पण बुजवलेल्या भोकाशेजारी पाडलेले भोक तापून मऊ झालेल्या पत्र्यात असते, आणि लांबट भोकात नट कुठेच नीट बसत नाही. या वाटेबद्दल माझे मत ठाम आहे: जाऊ नये.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका अधोरेखित केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

घासलेल्या मूळ रिमच्या जागी त्याच मापाची रिम लावणे आणि मडगार्डबाहेर अर्धा टायर काढणे, या दोन गोष्टी रस्त्यावर उभ्या अधिकाऱ्याच्या डोळ्याला सारख्या दिसत नाहीत. पंधरा वर्षांनंतर नोंदणी नूतनीकरणासाठी गाडी तपासणीला न्यावीच लागते, तेव्हा हा फरक जास्तच ठळक होतो. बाहेर आलेले टायर मागच्या दुचाकीस्वारावर चिखल आणि खडे उडवतात, हे कायद्याच्या पुस्तकाशिवायही समजण्यासारखे आहे. अपघात झालाच, तर न कळवलेला बदल विम्याच्या दाव्यात आडवा येऊ शकतो. मूळ चाकांचा संच विकू नये तो यासाठीही.

निवाडा

सगळे प्रश्न एकत्र ठेवले, की निवडींची एक उतरंड तयार होते. जिप्सीला जिम्नीची चाके हा सर्वात निर्धोक बदल आहे, कारण वर्तुळ, मधले भोक आणि नट तिन्ही एकाच घराण्याचे आहेत. टायरही पंचवीस मिलिमीटरच उंच होते, आणि ऑफसेट तेवढा मोजून घ्यायचा उरतो. जीपला त्याच वर्तुळाची पंधरा इंची स्टीलची ट्यूबलेस रिम आणि २१५/७५ टायर, हा दुसरा. इथे नट जीपचेच वापरायचे आणि मधले भोक आधी मोजायचे. जीप आणि जिप्सी यांची अदलाबदल तिसऱ्या पायरीवर येते: होते, पण नट, भोक आणि ऑफसेट तिन्ही तपासूनच. रुंद, उणे ऑफसेटची चाके आणि २३५ चे टायर चौथ्या पायरीवर आहेत. ज्याची गाडी महिन्यातून चार दिवस खडकांत असते आणि ज्याच्याकडे बेअरिंग-किंगपिन उघडून पाहण्याची सवय आहे, त्यानेच ती घ्यावीत. ॲडॉप्टर त्याच्याही खाली. पाडलेली भोके यादीत नाहीतच.

खरेदीला जाताना वर्निअर, मीटरपट्टी आणि आपल्या गाडीचा एक मूळ नट खिशात ठेवा. चाक घ्यायच्या आधी एकच चाक पुढे लावून पाहा. स्टिअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण वळवा, आणि एक बाजू दगडावर चढवून पाटा दबल्यावर पुन्हा वळवा. कुठे घासते ते तेव्हाच दिसेल. मग गाडी जॅकवर असताना नट हाताने लावा, चांदणीच्या क्रमाने आवळा, गाडी खाली उतरवून टॉर्क पान्याने पुस्तकातल्या आकड्यापर्यंत न्या. आणि घरी पोचल्यावर काम संपले असे मानू नका. पहिल्या ५० किलोमीटरनंतर थांबा, पाना काढा आणि वीसही नट पुन्हा एकदा आवळून पाहा.